मूळ संख्यांना आपले अंक ठाऊक असतात का?



पाटीवर ७३९३९१३३ ही संख्या लिहा आणि उजवीकडून एकेक अंक पुसत चला. ७३९३९१३ उरते, मग ७३९३९१, मग ७३९३९, ७३९३, ७३९, ७३ आणि शेवटी एकटा ७. या आठही संख्या मूळ आहेत, म्हणजे एक आणि ती संख्या स्वतः यांखेरीज त्यांना निःशेष भागणारे कोणी नाही. पुसत जा, मूळपण जात नाही. आठ अंकांच्या अशा संख्या पाचच आहेत आणि त्यांत ही सर्वांत मोठी. नऊ अंकांची एकही नाही, त्यामुळे दहा किंवा शंभर अंकांचीही असू शकत नाही. अशा गोष्टी ऐकल्या की माणूस हसतो, शेजारच्याला सांगतो आणि विसरतो. आजचा माझा विषय या हसण्याच्या पुढचा आहे. अंकांच्या ठेवणीत काहीतरी विशेष असलेल्या मूळ संख्या, म्हणजे उलट वाचल्या तरी त्याच राहणाऱ्या, नुसत्या एकांनी बनलेल्या, एक अंक बदलला की मोडून पडणाऱ्या, या सगळ्या म्हणजे केवळ गणिताच्या जत्रेतली खेळणी आहेत, की त्यांच्याकडे पाहून संख्यांविषयी काही खरे कळते? माझे उत्तर असे की कळते. मात्र ते एकेका संख्येचे कौतुक करून कळत नाही. त्यासाठी प्रश्नाची मांडणी जरा बदलावी लागते.

आधी विरुद्ध बाजू ऐकू, कारण ती साध्यासुध्या माणसाची नाही. रामानुजनला ओळखणारे केंब्रिजचे जी. एच. हार्डी यांनी १९४० साली ‘ए मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ हे छोटे पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी दोन उदाहरणे दिली आहेत. ८७१२ आणि ९८०१ या दोनच चार-अंकी संख्या अशा आहेत की त्या आपल्याच उलट्या रूपाच्या पटीत येतात: ८७१२ ही २१७८ ची चौपट आणि ९८०१ ही १०८९ ची नऊपट. दुसरे असे की १५३, ३७०, ३७१ आणि ४०७ या संख्या आपापल्या अंकांच्या घनांच्या बेरजेइतक्या असतात. हार्डींचा निर्वाळा असा होता की ही विधाने खरी आहेत, वर्तमानपत्रातल्या कोड्यांच्या सदराला शोभतीलही, पण गणितज्ञाचे मन ओढून घ्यावे असे त्यांत काही नाही. ती व्यापक करता येत नाहीत आणि त्यांतून दुसरे काही निघत नाही.

हार्डींचा आक्षेप मी अजून धारदार करून मांडतो. मूळ असणे हा संख्येचा स्वभाव आहे. अकरा गोट्या समान रांगांच्या चौकोनात मांडता येत नाहीत. त्यांना इलेव्हन म्हणा, ग्यारह म्हणा, भिंतीवर रेघा ओढून मोजा, फरक पडत नाही. अंक हा मात्र नुसता लिहिण्याचा रिवाज आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटातल्या सातवाहनकालीन लेखात आकडे कोरलेले आहेत. त्या पद्धतीत दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत, शून्य नाही आणि स्थानावरून किंमत ठरत नाही. तिथे अकरा लिहायचे तर दहाचे चिन्ह आणि एकाचे चिन्ह शेजारीशेजारी येणार. म्हणजे ‘दोन सारखे अंक’ ही अकराची शान तिथे नाहीच, पण अकरा तेव्हाही मूळच होती. उलट बाजूने पाहा. आपली ७३९३९१३३ संगणकाच्या द्विमान पद्धतीत, केवळ शून्य आणि एक वापरून लिहिली आणि शेवटचा अंक पुसला, तर उरते ३६९६९५६६. ही सम आहे. खेळ पहिल्याच घासाला संपला. हाताला दहा बोटे आहेत म्हणून आपण दहाच्या पटीत मोजतो. बारा असती तर या सगळ्या ‘विशेष’ संख्या सामान्य ठरल्या असत्या आणि दुसऱ्याच कुठल्या तरी मखरात बसल्या असत्या. तेव्हा विशेषपण संख्येत आहे की बोटांत? हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. मतभेद आहे तो त्यावरून हार्डींनी काढलेल्या निष्कर्षाशी.

कारण दहा हीसुद्धा एक संख्याच आहे. कोणत्या पायावर लिहायचे हा रिवाज असेल, पण एकदा पाया ठरला की त्या पायाचे आणि मूळ संख्येचे नाते ही अस्सल अंकगणितातली गोष्ट होते. नुसत्या एकांनी बनलेल्या संख्या घ्या: ११, १११, ११११ आणि पुढे. यांतल्या मूळ कोणत्या? एकांची गणती जर संयुक्त, म्हणजे लहान संख्यांच्या गुणाकाराने बनलेली, असेल तर संख्या मूळ असणे शक्यच नाही. सहा एक मांडले तर ते तीन-तीनच्या दोन गटांत पाडता येतात, म्हणून १११ ने भाग जातो. दोन-दोनच्या तीन गटांत पाडता येतात, म्हणून ११ नेही जातो. १११ गुणिले १००१ किंवा ११ गुणिले १०१०१, काहीही करून पाहा, उत्तर १११,१११ असेच येते. म्हणजे एकांची गणती मूळ असलीच पाहिजे. पण ती मूळ असून भागत नाही. तीन एकांची संख्या म्हणजे ३ गुणिले ३७, पाच एकांची ४१ गुणिले २७१, सात एकांची २३९ गुणिले ४६४९. दोन एकांनंतर मूळ संख्या येते ती थेट एकोणीस एकांची, मग तेवीस, मग ३१७. ही ३१७ एकांची माळ मूळ असल्याची सिद्धता ह्यू विल्यम्स यांनी १९७० च्या दशकात दिली. पुढे त्यांनीच हार्वे डब्नर यांच्यासह १०३१ एकांची सिद्ध केली. त्यापुढची ४९०८१ एकांची. ती मूळ असावी असे १९९९ पासून वाटत होते, पण पक्की सिद्धता २०२२ साली आली, आणि ८६४५३ एकांची त्याच्या पुढच्या वर्षी. अशा मूळ संख्या अनंत आहेत की नाहीत, हे आजही कोणाला सिद्ध करता आलेले नाही.

आता पाया दहाऐवजी दोन करा. द्विमान पद्धतीत नुसत्या एकांची संख्या म्हणजे दोनाच्या एखाद्या घातातून एक वजा केलेली संख्या: ३, ७, ३१, १२७. याच त्या मर्सेन संख्या. त्यांतली मूळ संख्या सापडली की तिच्यापासून परिपूर्ण संख्या बनते, म्हणजे ६, २८, ४९६ यांच्यासारखी, स्वतःखेरीज आपल्या सगळ्या विभाजकांच्या बेरजेइतकी असणारी. ही कृती युक्लिडच्या ग्रंथात आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली, ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकांची प्रचंड मूळ संख्या याच घराण्यातली. द्विमानात लिहिली तर ती म्हणजे १३,६२,७९,८४१ एकांची सरळ रांग, दुसरे काही नाही. सव्वादोन हजार वर्षे ज्या संख्यांचा पिच्छा गणितज्ञांनी सोडलेला नाही, त्यांची ओळख ‘सगळे अंक सारखे’ एवढीच आहे. मग हाच प्रश्न पाया दहा असताना पोरखेळ आणि पाया दोन असताना गंभीर गणित, असे कोणत्या न्यायाने म्हणायचे? एक छोटी पुस्तीही जोडतो. ३१ ही पाया दोन घेतल्यास पाच एकांची आणि पाच घेतल्यास तीन एकांची संख्या आहे: २५ अधिक ५ अधिक १. अशी दोन वेगवेगळ्या पायांवर, निदान तीन-तीन एकांची रांग बनणारी आणखी एकच संख्या माहीत आहे, ती ८१९१. दोनाच्या पायावर तेरा एक आणि नव्वदाच्या पायावर तीन. तिसरी असेल का, हे खुले आहे.

एकांच्या या माळांशी महाराष्ट्राचे एक खरे नाते आहे. डहाणूला १९०५ साली जन्मलेले, फर्ग्युसनमध्ये शिकलेले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत देवळालीच्या शाळेत मास्तरकी केलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी या माळांच्या वर्गांचा छंद घेतला होता. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. चढत जाऊन उतरणाऱ्या या संख्यांना त्यांनी ‘डेम्लो’ संख्या म्हटले, ते आजच्या डोंबिवली स्थानकाच्या त्या वेळच्या नावावरून. सगळे अंक सारखे नसलेल्या चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहिले की शेवटी येणारा ६१७४ हा त्यांचा आकडा जगभर गेला. पण माझ्या युक्तिवादाला उपयोगी आहेत त्या त्यांच्या स्वयंभू संख्या. एखादी संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा: २३ अधिक २ अधिक ३ म्हणजे २८. तेव्हा २३ ही २८ ची जननी. ज्या संख्येला अशी जननीच नाही ती स्वयंभू. ५३ घ्या: ४४ पासून ५२ मिळतात, ४५ पासून ५४, आसपासच्या कोणत्याही संख्येपासून ५३ मिळत नाहीत. ती स्वयंभू आहे आणि मूळही. कापरेकरांचे हे काम आपल्याकडे बराच काळ फावल्या वेळचा उद्योग समजले गेले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिले तेव्हा पुष्कळांच्या नजरेत ते आले. पण गार्डनरही कोड्यांचेच लेखक, असे हार्डींच्या पक्षाचा माणूस म्हणेल. त्याला उत्तर म्हणून मी १९८२ सालाकडे बोट दाखवीन. त्या वर्षी इटलीचे उम्बेर्तो झान्निएर यांनी सिद्ध केले की स्वयंभू संख्या विरळ होत होत संपत नाहीत, सर्व संख्यांमध्ये त्यांचे ठराविक प्रमाण टिकून राहते. देवळालीच्या मास्तरांचा प्रश्न व्यापक करता आला आणि त्यातून प्रमेय निघाले. हार्डींच्या दोन्ही कसोट्यांना तो उतरला.

आता प्रश्नाची मांडणी बदलण्याबद्दल बोलतो. मूळ असणे ही गुणाकाराची गोष्ट आहे. अंक ही बेरजेची आणि स्थानाची गोष्ट: इतके शतक, इतके दशक, इतके एकक. या दोन व्यवस्थांचे एकमेकींशी, वरकरणी तरी, काही देणेघेणे नाही. म्हणून विचारायचा प्रश्न ‘कोणती संख्या सुंदर’ हा नसून ‘मूळ संख्यांना आपले अंक ठाऊक असतात का’ हा आहे. ठाऊक असतील तर अंकांच्या ठेवणीवरून मूळपणाचा सुगावा लागला पाहिजे. ठाऊक नसतील तर मूळ संख्या अंकांच्या बाबतीत नाणेफेकीसारख्या वागल्या पाहिजेत. ही दुसरी शक्यता किती दूर नेते ते आपल्या पुसण्याच्या खेळातच पाहता येते. मूळ संख्या किती दाट असतात याचा अंदाज गाउसला पोरवयातच आला होता आणि १८९६ साली तो सिद्ध झाला. ढोबळ भाषेत, ज्या संख्यांना अमुक इतके अंक आहेत त्यांच्यामध्ये, अंकांच्या गणतीला २.३ ने गुणून येईल तितक्यांत एक, असे हे प्रमाण पडते. शंभर अंकी संख्यांत साधारण २३० मागे एक. आता एखाद्या मूळ संख्येच्या उजवीकडे दहापैकी कोणताही अंक लावून पाहायचा. मूळ निघणाऱ्या नव्या संख्यांची अपेक्षित गणती दहा भागिले २.३ भागिले अंकांची गणती, म्हणजे ४.३ भागिले अंकांची गणती. एक अंकी मूळ संख्या चार: २, ३, ५, ७. दोन अंकांवर जाताना हा गुणक सुमारे २.२, म्हणजे अपेक्षा पावणेनऊची, प्रत्यक्षात ९. तिथून तीन अंकांवर अपेक्षा तेराची, प्रत्यक्षात १४. मग अपेक्षा पंधराची, प्रत्यक्षात १६. पाचव्या पायरीला गुणक एकाखाली उतरतो आणि वंश खुंटू लागतो: अपेक्षा चौदाची, प्रत्यक्षात १५, पुढे अकराऐवजी १२, साडेसाताऐवजी ८, सव्वाचाराऐवजी ५, आणि नवव्या पायरीला अडीचाची अपेक्षा असताना शून्य. सगळ्या मिळून ८३. अंकांची काहीही माहिती न घेता, फक्त दाटपणावरून बांधलेला हा अंदाज पायरीपायरीला फार तर दोन-अडीच संख्यांनीच चुकतो.

हाच हिशेब डावीकडून पुसण्याला लावा. आता शेवटचा अंक आधीच ठरलेला असल्यामुळे सम संख्या आणि पाचाच्या पटी आपोआप बाद, त्यामुळे संधी अडीचपट. आणि डावीकडे लावायला शून्य सोडून नऊ अंक. गुणक येतो ९.८ भागिले अंकांची गणती. म्हणजे वंश नवव्या-दहाव्या पिढीपर्यंत वाढत जाऊन मग उतरला पाहिजे. मोजणी असे सांगते की नऊ अंकांच्या ५४५ आहेत आणि तीच कमाल, एकंदर ४२६०, सर्वांत मोठी चोवीस अंकी, ३५७६८६३१२६४६२१६५६७६२९१३७. या लांबलचक आकड्याचे कौतुक मला फारसे नाही. त्याला जागा कुठे मिळाली, हे आधी सांगता आले याचे आहे. हार्डींनी नमुना पाहिला आणि टाकून दिला. त्यांनी नमुन्यांची खानेसुमारी पाहिली असती तर त्यांचेच सहकारी लिटलवुड यांच्याबरोबर ज्या विषयात त्यांनी उमेदीची वर्षे घातली, तो मूळ संख्यांच्या वाटणीचा विषय त्यांना तिथे भेटला असता.

कोणी म्हणेल, मग संपले; मूळ संख्यांना अंक ठाऊक नसतात, सगळे नाणेफेकीवर चालते, पुढे सिद्ध करण्यासारखे काय राहिले? इथे घाई नडते. ३१ मूळ आहे. ३३१ मूळ आहे. ३३३१, ३३३३१, ३३३३३१, ३३३३३३१, ३३३३३३३१ या सगळ्या मूळ आहेत. सात वेळा कौल मिळाला की कोणालाही वाटेल इथे काही नियम आहे. आठव्याला ३३३३३३३३१ येते आणि ती १७ गुणिले १९६०७८४३ निघते. हा अपघात नव्हे. दहाच्या नवव्या घाताला १७ ने भागले तर बाकी ७ उरते, आणि आपली संख्या म्हणजे त्या घातातून ७ वजा करून तीनने भागलेली. म्हणून १७ चा भाग जाणारच. दहाच्या घातांच्या १७ ने भागून उरणाऱ्या बाक्या सोळा पावलांनी फिरून त्याच येतात, तेव्हा २५ अंकांच्या संख्येला, ४१ अंकांच्या संख्येला, दर सोळाव्या खेपेला १७ वाट अडवून उभा. एक सतरा झाला. अशा दुसऱ्याही मूळ संख्या आपापल्या फेऱ्यांनी बसलेल्या असतात. म्हणजे नाणेफेक आहे, पण काही जागी नाणे आधीच चिकटवून ठेवलेले आहे. उलटसुलट सारख्याच वाचल्या जाणाऱ्या विलोम संख्यांचेही तसेच. १०१, १३१, १५१ करत तीन अंकी विलोम मूळ संख्या पंधरा निघतात; चार अंकी एकही नाही, सहा अंकी नाही, आठ अंकी नाही. अंकांची गणती सम असली की विषम स्थानांवरच्या अंकांची बेरीज आणि सम स्थानांवरच्यांची बेरीज सारखी होते, आणि शाळेतला अकराचा नियम सांगतो की अशा संख्येला अकराने भाग जातो. त्यातून सुटते एकटी ११.

हे सापळे जिथे अडथळा वाटतात तिथेच ते कामालाही येतात, आणि याचे माझे आवडते उदाहरण २९४००१ हे आहे. ही मूळ संख्या इतकी नाजूक की तिच्या सहापैकी कोणताही एक अंक बदला, मिळणाऱ्या ५४ संख्यांपैकी एकही मूळ नसते, आणि असा स्वभाव असलेली ही सर्वांत लहान. फक्त शेवटचा अंक बदलून पाहू. सम अंक आणि पाच लगेच बाद. ३ किंवा ९ लावला तर अंकांची बेरीज १८ किंवा २४, म्हणून तीनने भाग जातो. राहिला ७, पण २९४००० ला सातने भाग जातोच, म्हणून २९४००७ लाही जातो. दारे सगळी बंद. मरे क्लॅमकिन यांनी १९७८ साली अशा संख्या आहेत का असे विचारले आणि पुढच्याच वर्षी पाल एर्डोश यांनी त्या अनंत असल्याचे सिद्ध केले. त्यांची युक्ती हीच: थोड्या लहान मूळ संख्या अशा नेमायच्या की अंक कुठल्याही स्थानी बदला, त्यांच्यापैकी एकीच्या तरी फेरीत तो सापडलाच पाहिजे. शेतात पाळीपाळीने राखण असते तशी ही रचना. २०११ साली टेरेन्स टाओ यांनी याहून पुढचे दाखवले की अशा नाजूक संख्या नुसत्या अनंत नाहीत, मूळ संख्यांमध्ये त्यांचा ठोस वाटा आहे. नंतर मायकेल फिलासेटा आणि जेरेमाया साउथविक यांनी संख्येच्या डावीकडे हवी तितकी शून्ये आहेत असे धरून त्यांतले एखादे बदलले तरीही मोडणाऱ्या मूळ संख्या अनंत असल्याचे सिद्ध केले. गंमत अशी की सिद्धता हातात होती आणि उदाहरण एकही नव्हते. पुढे जॉन ग्रँथम यांनी एक शोधले, ते ४०३० अंकांचे निघाले.

मग जिथे सापळा नाही तिथे तरी नाणेफेक प्रामाणिक आहे, हे सिद्ध करता येते का? इथेच विषय खोल होतो. शंभरापर्यंतच्या २५ मूळ संख्या घेऊन प्रत्येकीच्या अंकांची बेरीज करा. तेरा जणींची बेरीज सम येते, बारा जणींची विषम. याहून समसमान वाटणी होणे शक्य नाही. पुढेही अशीच राहते का, हा प्रश्न रशियन गणितज्ञ गेलफोंद यांनी १९६८ साली विचारला, आणि त्याचे होकारार्थी उत्तर क्रिस्तियाँ मोदुई आणि जोएल रिवा यांनी २०१० साली दिले. मधे बेचाळीस वर्षे गेली. शाळेतल्या मुलाला कळणारा प्रश्न, आणि उत्तरासाठी विसाव्या शतकाने घडवलेली सगळी हत्यारे. त्यानंतर जेम्स मेनार्ड यांनी दाखवले की दहापैकी कोणताही एक अंक, समजा ७, वर्ज्य केला तरी तो न वापरणाऱ्या मूळ संख्या अनंत आहेत. वाचताना हे साहजिक वाटते, पण ‘साहजिक’ शब्द जपून वापरावा. शंभर अंकी संख्यांत ७ अजिबात नसलेल्या संख्या लाखात अडीच-तीन एवढ्याच उरतात, हजार अंकांवर तर त्या जवळपास दिसेनाशा होतात. इतक्या विरळ गर्दीत मूळ संख्या नक्की आहेत हे दाखवण्याची साधने गणितात फार थोडी. मेनार्ड यांना ते जमले त्याचे एक कारण असे की अंक वर्ज्य करण्याची अट प्रत्येक स्थानावर स्वतंत्र आणि सारखीच लागते, त्यामुळे त्या विरळ समूहाची लय स्थानास्थानाच्या गुणाकारात सोडवता येते. ज्या अंकांना हार्डींनी हसून बाजूला सारले त्यांच्याच शिस्तीने इथे सिद्धतेला आधार दिला. मेनार्ड यांना २०२२ साली फील्ड्स पदक मिळाले. अर्थात या एकाच कामासाठी नव्हे.

आणि नाणे सर्वत्र प्रामाणिक असतेच असेही नाही. मूळ संख्यांचा शेवटचा अंक, पहिल्या काही सोडल्या तर, १, ३, ७ किंवा ९ असतो, आणि हे चारही सारख्याच प्रमाणात येतात हे शतकाहून अधिक काळ माहीत आहे. मग एकापाठोपाठच्या दोन मूळ संख्यांचे शेवटचे अंक पाहिले तर? एकाने संपणाऱ्या संख्येनंतर पुन्हा एकाने संपणारी येण्याची शक्यता २५ टक्के असावी असे कोणीही म्हणेल. रॉबर्ट लेम्के ऑलिव्हर आणि मूळचे चेन्नईचे, स्टॅनफर्डला असणारे कन्नन सौंदरराजन यांनी २०१६ साली दाखवले की पहिल्या दहा कोटी मूळ संख्यांमध्ये हे प्रमाण १८.५ टक्क्यांच्या आसपासच आहे. मूळ संख्या शेवटचा अंक लगेच परत वापरायला नाखूष असतात. काही अंशी हे समजण्याजोगे आहे, कारण एकाने संपणाऱ्या संख्येपासून पुढच्या तशाच संख्येला गाठायला दहा पावले लागतात आणि वाटेत ३, ७, ९ चे थांबे आहेत. पण तेवढ्याने हिशेब पुरा होत नाही. त्यांनी दिलेले स्पष्टीकरण हार्डी आणि लिटलवुड यांच्याच १९२० च्या दशकातल्या अटकळीवर उभे आहे. हार्डींना याचे काय वाटले असते, याचा विचार करायला मला आवडते.

उपयोगाचा प्रश्न राहतो, तो लवकर उरकतो. बँकेचे व्यवहार सांकेतिक करायला मोठ्या मूळ संख्या लागतात हे खरे, पण त्यांत अंकांची विशेष ठेवण नको असते, कारण ठेवण दिसली की ती संख्या हुडकणे सोपे. तेव्हा नाजूक किंवा विलोम मूळ संख्यांचा व्यवहारात उपयोग शून्य, आणि तसा तो आहे असे सांगणाऱ्याकडे संशयाने पाहावे. त्याच श्वासात सांगतो की या संख्यांत शुभाशुभ शोधणेही व्यर्थ आहे. एकापुढे तेरा शून्ये, मग ६६६, पुन्हा तेरा शून्ये आणि शेवटी एक, अशी एक विलोम संख्या मूळ आहे, आणि पाश्चात्त्यांनी तिला एका सैतानाचे नाव दिले आहे. ती मूळ आहे यात मौज आहे. सैतानाशी तिचा संबंध नाही, त्या मधल्या तीन आकड्यांना जो अर्थ दिला तो एका धर्मग्रंथाच्या वाचकांनी दिला.

विलोम संख्यांपाशीच थांबतो, कारण तिथे वाट अजून अर्धी आहे. एखाद्या मर्यादेखालच्या विलोम संख्या साधारण त्या मर्यादेच्या वर्गमुळाच्या लहानशा पटीइतक्याच असतात. दहा लाखांखाली जेमतेम दोन हजार. मेनार्ड यांच्या समूहापेक्षा हा कितीतरी विरळ, म्हणून ती साधने इथे पुरत नाहीत. शिवाय इथे डावीकडचा अर्धा लिहिला की उजवीकडचा हात बांधलेला. २००४ साली बँक्स, हार्ट आणि साकाता यांनी जवळजवळ सगळ्याच विलोम संख्या संयुक्त असतात असे सिद्ध केले. नाणेफेकही तेच सांगते. पण मूळ असलेल्या विलोम संख्या कधी संपतच नाहीत, हे सिद्ध व्हायचे आहे. अगदी अलीकडे अलेक्झांडर तुक्सानिदी आणि डॅनियल पनारियो यांनी एवढे दाखवले की जास्तीत जास्त सहा मूळ अवयव असलेल्या विलोम संख्या अनंत आहेत, पाया कोणताही घ्या. सहावरून एकावर यायचे आहे.